खूण नाही तर सरळ

"मॅडम, तुमच्या बाणांपायी मले तर अजून शाळेच्या मैदानावरच असल्यासारखं वाटते," रजनी म्हणाली आणि सांडशीनं चहाचं पातेलं उतरवता उतरवता स्वतःच हसली.

मी तंबूच्या खुंट्या उपटत होते. "वाटू दे. बाण आहेत म्हणून कुणी हरवत नाही."

"हरवणार कसं? भरावावर सरळ सोडून जायचं कुठं? दोन्हीकडे तर खाली उडी! या रस्त्यावर आंधळाही चुकायचा नाही."

इंगोले काका थंडीनं दोन्ही हात काखेत दाबून उकिडवे बसले होते. तेही हसले. फार नाही, नाकातल्या नाकात. पण तेवढ्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही तिघं एका बंद पडलेल्या स्टेशनाच्या फलाटावर मुक्काम केला होता. आमच्याकडची छोटी लाईन बंद झाली, मागाहून रूळही उखडून नेले, आणि उरला तो नुसता मातीचा भराव. कपाशीच्या आणि तुरीच्या वावरांमधून नव्वद किलोमीटर गेलेला. त्यावरून गुराखी जात, बैल जात आणि डिसेंबरात शाळेच्या सुटीत आम्ही जात असू, सायकलींवर. कॅरिअरला तंबू, स्टोव्ह, दोन दिवसांचा शिधा. तीन दिवसांत शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि एस.टी.च्या टपावर सायकली टाकून परत यायचं. ही ट्रिप मीच सुरू केलेली. मी कन्या शाळेत पी.टी.ची बाई, सिंधू भोयर. शिट्टी माझ्या गळ्यात असे आणि राग नाकावर. हे मी चौदा वर्षांपूर्वीचं सांगते आहे, पण राग अजून तिथंच आहे.

रजनी गावंडे माझी विद्यार्थिनी. आठवीत होती तेव्हा अनवाणी पळायची. तिच्या पायात पहिले बूट मी घातले. आता बावीसची झाली होती. फौजदारकीची लेखी परीक्षा काढली होती आणि मैदानी चाचणीला बरोबर एकवीस दिवस राहिले होते. बाप नाही, आई शेतमजुरीला जाणारी. त्या घराचं सगळं त्या चाचणीवर टांगलेलं होतं. पायांना सराव म्हणून मीच तिला यंदा पहिल्यांदा ट्रिपला आणलं होतं.

आणि इंगोले काका म्हणजे नुकतेच रिटायर झालेले पोस्टमन. लाईनीकडेची अकरा गावं ही त्यांची बीट. तीस वर्षं सायकलवर. "एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, मॅडम," हे ते दिवसातून एकदा तरी सांगत, आणि त्यात बढाई नव्हती, ते खरंच होतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ट्रिपच्या आधी आठ दिवस त्यांचं सायकल पुसणं चाललेलं असे.

आता बाणांचं सांगते. भरावाला जागोजागी वाटा फुटतात. कुठं मोरी खचलेली, कुठं कुणी भराव फोडून वावरात रस्ता नेलेला. पुढची आणि मागची सायकल यांच्यात मैल मैल अंतर पडतं, म्हणून मी पुढं राहायची आणि जिथं भराव सोडून वळायचं तिथं फक्की टाकायची. फक्की म्हणजे मैदान आखायची चुन्याची पूड, ती तर माझ्याकडे पोत्यानं. मूठभर फक्कीचा बाण. आणि नियम एकच: खूण दिसली तर वळा, खूण नाही तर सरळ.

दुसरा नियम काकांचा. पहिल्या वर्षी आमच्या बाणांनी दोन गावांत घोळ झाला होता. एका गावाला वाटलं, पुन्हा मोजणी आली, जमिनी जाणार. दुसऱ्या गावात तिठ्यावरचा पांढरा चुना पाहून बायाबापड्यांनी करणी केली म्हणून आरडाओरडा केला. त्यामुळं ठरलं की सगळ्यात मागं काका राहतील आणि पायानं खूण पुसत येतील. शेवटच्या माणसानंतर खुणेचं काम काय?

त्या सकाळी मी चहा अर्धा टाकला. खरं सांगायचं तर बाणांवरून कुणी हसलं म्हणून एवढा राग येण्याचं कारण नव्हतं. आदल्या दिवशी चढावर रजनी मला मागं टाकून गेली होती. वर थांबून तिनं विचारलं होतं, "दमल्या का मॅडम?" तिनं मायेनंच विचारलं असेल. पण मी चव्वेचाळीसची, ती बावीसची, आणि आठ वर्षं मी तिला शिट्टी मारून पळवलं होतं. मला तिचा हेवा वाटायला लागला होता. आता सांगायला काय जातं?

"मी निघते," मी म्हटलं.

"थांबा ना मॅडम, पोहे होऊन रायले!"

"तुम्ही खा. रस्ता सरळच आहे ना? या मग."

काका मागून ओरडले, "मॅडम, नाल्यापाशी थांबजा!" मी मान डोलावली आणि पॅडल मारलं.

नाला तिथून सात किलोमीटरवर. नाल्यावर लाईनीचा पूल होता. म्हणजे एके काळी होता. रुळांबरोबर वरच्या लोखंडी तुळयाही काढून नेलेल्या, दगडी खांब तेवढे उभे. भराव थेट त्या तुटक्या काठापर्यंत जातो आणि एकदम संपतो. खाली पंधरा फुटांवर दगडगोटे. गावकऱ्यांनी आडव्या घातलेल्या बाभळीच्या फांद्या गेल्या वर्षी मी पाहिल्या होत्या. यंदा कुणी जळणाला नेल्या होत्या. काठाच्या दोनशे पावलं अलीकडे डावीकडे पायवाट उतरते. ती नाल्यातून पलीकडे जाते. सगळ्या ट्रिपमधली सर्वांत महत्त्वाची खूण हीच.

मी तिथं उतरले. फक्कीची पिशवी हँडलला होती. गाठ सोडली. मूठ भरली. आणि ती मूठ परत पिशवीत रिकामी केली.

बाणांची गंमत वाटते ना? मग जा बिनबाणाची. येईल काठापर्यंत, थांबेल, परत सायकल ढकलत दोनशे पावलं येईल घामाघूम होऊन. मी पलीकडे बसलेली असेन. म्हणेन, "काय गं, सरळच होतं ना?" हे वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. काकांची मला काळजी नव्हती, ती त्यांचीच बीट. गवत कमरेएवढं वाढलं होतं, पुढं भरावाला थोडा बाक होता आणि सूर्य समोरून डोळ्यांत येत होता. हे सगळं मला दिसत होतं. मला दिसत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

नाला ओलांडून मी पलीकडे एका हिवराच्या झाडाखाली बसले. अर्ध्या तासानं सायकलची घंटी वाजली आणि पायवाटेवरून काका खाली उतरले. एकटे.

"रजनी कुठं?"

"हापशीवर थांबली. बाटल्या भरून येते म्हणे. म्हणाली, काका तुमी व्हा समोर, मी गाठतो तुमाले. तिचं काय, हरिणच हाय ते!" काका सायकल उभी करत म्हणाले. मग जरा ओशाळले. "तसं म्या समोर याले नाई पायजे होतं. पण म्हटलं, पोट्टी हाय, तिले मोकळं वाटन."

 आता सांगते, नीट सांगते. त्या वेळी मला उठता आलं असतं. दोनशे पावलं चढून जायला तीन मिनिटं. गळ्यात शिट्टी होती, ती वाजवता आली असती. मी काकांना पाणी दिलं. म्हटलं, येईल, डोळे आहेत तिला.

आवाज मोठा आला नाही. लोखंड दगडावर आपटल्याचा एक आवाज, मग घरंगळल्याचा, आणि मग रजनीचं "आई गं!" ते नाल्यात घुमून दोनदा ऐकू आलं.

ती खांबाच्या बुडाशी पडली होती. सायकल तिच्या अंगावर. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला. शुद्ध होती. मला पाहून म्हणाली, "मॅडम, खूण नव्हती. मी सरळ आली."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काका गावाकडे पळाले आणि बैलगाडी घेऊन आले. तिला गाडीत घालताना ती ओरडली ते अजून कानात आहे. गाडीवान म्हणाला, फाट्यावर जीप मिळन. गाडी हलली, आणि काका माझ्याजवळ आले. श्वास लागलेला.

"मॅडम, एक इचारू? तिथं वर... खूण होती ना?"

गाडी पुढं चालली होती. रजनी कण्हत होती. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"होती," मी म्हटलं.

काकांनी खाली पायाकडे पाहिलं. चपलेच्या टाचेला पांढरी फक्की लागलेली होती. ती सकाळच्या दुसऱ्या कुठल्या बाणाची. पण फक्की ती फक्की.

"मंग म्याच पुसली," ते म्हणाले. "ती मांगं हाय हे मले माईत होतं, अन तरी पुसली. मॅडम, माझा पाय आपसूक चालते. वाटेवर आलो का पुसते. मले पुसल्याची आठवणबी नाई!" आणि साठ वर्षांचा माणूस नाल्याच्या वाळूत मटकन खाली बसला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढं मात्र केलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात संध्याकाळी रजनीची आई आली. वावरातून तशीच आलेली, पदराला कपाशीच्या काड्या. काकांनी स्वतः पुढं होऊन तिला सांगितलं. तिनं त्यांना जे नाही ते बोलून घेतलं. "माझ्या पोरीचं वाटोळं केलं रे म्हाताऱ्या! तुले लेकरू नाई, तुले काय समजन!" काका मान खाली घालून उभे. मी मध्ये पडले. म्हटलं, "जाऊ द्या हो ताई. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

हे मी म्हटलं. याच तोंडानं.

मांडीत सळई बसली. एकवीस दिवसांनी मैदानी चाचणी होऊन गेली. त्या सकाळी मी शाळेत मुलींना कवायत दिली आणि दुपारी घरी येऊन उलट्या केल्या. रजनीचा पाय दीड इंच आखूड राहिला.

मी सांगणारच होते. आधी म्हटलं, तिला बरं वाटू दे. मग म्हटलं, काका सावरू देत. मग मी मुख्याध्यापिका झाले. ट्रिप तर बंदच झाली होती. आणि काकांनी काय केलं? पाय चालता करायला रजनीला तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागे, सहा किलोमीटर. काका तिला रोज कॅरिअरवर बसवून न्यायचे आणि आणायचे. आठ महिने. मी रस्त्यात त्यांना पाहिलं की दुसऱ्या गल्लीत वळायची. पुढं रजनीला तहसीलमध्ये कारकुनाची नोकरी लागली, त्या परीक्षेचा फॉर्मही काकांनीच आणलेला. आई वारली, आणि काकांना एकटं राहणं जमेना तेव्हा रजनीनं त्यांना स्वतःच्या घरात आणलं. सगळं गाव म्हणायचं, बघा, चूक केली पण निस्तरली म्हाताऱ्यानं.

यंदा मी रिटायर झाले. निरोपाच्या समारंभाला काका काठी टेकत आले. कुणी बोलावलं नसताना उठून माईकपाशी गेले. म्हणाले, "मॅडमनं सायकलची ट्रिप काढली होती. ते माझ्या एका चुकीपायी कायमची बंद पडली. आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मांगतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मांडीवर शाल होती, नारळ होता. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. मागच्या खोलीत काका खाटेवर बसले होते. रजनीनं खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेली. चालताना तिचा खांदा एका बाजूला पडत होता. मी ठरवलं होतं की आधी काकांना सांगायचं, मग तिला. लांबण लावलं तर जीभ टाळ्याला चिकटेल हे मला ठाऊक होतं.

"काका, नाल्यापाशी मी खूण मारलीच नव्हती."

काका हसले.

"त्या दिवशी सभेत म्या बोललो ते तुमच्या मनाले लागलं, व्हय ना?"

"नाही काका. खरं तेच सांगते. रजनीवर राग आला होता मला. मूठ भरली आणि परत टाकली. तुम्ही काही पुसलं नाही. पुसायला तिथं काही नव्हतंच!"

"तिच्यावर राग? तुमाले?" काकांनी मान हलवली. "लेकीवाणी वाढवली तुमी तिले. अन तुमी खूण इसरान? म्या शाळेत डाक द्याले येवो तं पाहो ना, रेघ बोटभर वाकडी गेली तं तुमी पुसून दुसरी मारत होत्या."

"विसरले नाही. मुद्दाम मारली नाही!"

"बस झालं, मॅडम." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चौदा वर्षांत माझं ओझं कोणी असं डोक्यावर घ्याले आलं नाई. माझ्यापायी खोटं बोलाले तुमी एवढ्या उन्हात आल्या. लय मोठं मन हाय तुमचं. पण माझी चूक माझ्यापाशीच राहू द्या."

मी शपथा घेतल्या. आईची घेतली. काका कासावीस झाले, म्हणाले, खोट्या शपथा नका घेऊ, पाप लागते. मी आणखी बोलले असते, पण दारात रजनी उभी होती. हातात दोन कप. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं एक कप काकांच्या हातात दिला, दुसरा खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "चला मॅडम, मी फाटकापर्यंत येते."

अंगणात तिनं विचारलं, "खरं हाय?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

ती फाटकाच्या गजावर हात ठेवून रस्त्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "रजनी, तू मला काहीही बोल. मार. तुला जे करायचं ते कर."

"आठ महिने मी त्यांच्या सायकलवर बसून दवाखान्यात गेली," ती म्हणाली. "एक शब्द बोलली नाई त्यांच्याशी. चढावर ते उतरायचे आणि मला बसलेलीच ठेवून ढकलायचे. धाप लागायची त्यांना. मी मुद्दाम तिकडे तोंड करून बसायची. मला वाटायचं, भोग. ढकल."

माझ्याच्यानं तिच्याकडे पाहवेना.

"त्यांना पुन्हा सांगू नका, मॅडम. चुकून विश्वास बसला तर? आता कुठं त्यांना झोप लागते. मग ते इचारतील, 'म्या हे सगळं कशापायी केलं?' मी काय सांगू त्यांना?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय ते मी पाहीन," ती म्हणाली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून काकांची हाक आली. "रजने! मॅडमले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको वं! वांग्याची भाजी कर!"

"घाई हाय त्यांना, काका!" रजनीनं तिथूनच ओरडून सांगितलं. मी बाहेर आले, आणि तिनं आतून फाटकाला कडी घातली.